रोजच्या भातासाठी राइस कुकर: किती लिटरचा, साधा की डिजिटल?

मंगळवारपेठ
सकाळी दोन डबे आणि रात्री चौघांचं जेवण, एवढा भात रोज लागतो. तांदूळ बहुतेक इंद्रायणी, पाहुणे असले की कोलम, शिवाय आजरा घनसाळ थोडा भरून ठेवलेला असतो. घरात दोन ज्येष्ठ आहेत, त्यांना आसट भात लागतो. डब्यातला मात्र मोकळा हवा. आत्तापर्यंत सगळं शिट्टीच्या कुकरमध्ये होतं. सकाळच्या घाईत गॅसजवळ उभं राहायला कोणी नसतं, म्हणून राइस कुकर घ्यायचा आहे.

दुकानात १ लिटर, १.५, १.८, २.८ असे आकडे सांगतात. ४०० वॅटपासून १००० वॅटपर्यंत आहेत. एका बटणाचा साधा दोन-तीन हजारांत मिळतो, डिजिटल त्याच्या दुप्पट-तिप्पट. भांडं नॉनस्टिक घ्यावं की साधं? वरणही त्यातच होतं का? आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा तो नीट चालतो का? कंपनीचं नाव सांगितलं नाही तरी चालेल, घेताना काय काय तपासायचं ते सांगा.

भांडेवाला_महाद्वार
लिटरपासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच होते. खोक्यावरचा १.८ लिटर हा आकडा सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने लिहीत नाहीत. काही जण भांड्यात काठोकाठ किती मावतं ते लिहितात, काही जण किती लिटर कच्चा तांदूळ शिजतो ते. दुसऱ्या प्रकारात १.८ लिटरच्या कुकरचं भांडं चार लिटरच्याही वर जातं. दोन्ही शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो आणि खोक्यावर आकडा तोच. म्हणून दुकानात जाताना एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन जा आणि भांडं भरून बघा. धड दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

आता तुमचा हिशोब. सोबत येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. भाकरी-चपातीबरोबर भात खाणाऱ्या घरात माणशी ७५ ते १०० ग्रॅम तांदूळ धरावा. चौघांचे जास्तीत जास्त ४०० ग्रॅम, म्हणजे पावणेतीन कपांच्या आत. पाणी घातल्यावर भांड्यात सव्वा लिटरच्या आसपास माल होतो, आणि पेज उकळून वर येते तिच्यासाठी वरचा तिसरा हिस्सा रिकामा लागतो. म्हणजे काठोकाठ १.८ लिटरचं भांडं तुम्हाला जेमतेम पुरेल. पाहुणे धरले तर काठोकाठ अडीच-तीन लिटरचं बघा. त्याच्या पुढे जाऊ नका. सकाळच्या दोन डब्यांना दीड कप तांदूळ लागतो, तो मोठ्या रुंद बुडात पातळ थर होऊन पसरतो. पाणी भराभर उडतं, खालचा थर कडक होतो आणि वरची शितं बोटचेपी व्हायच्या आत कुकर बंद पडतो.

साधा की डिजिटल हे ठरवण्याआधी साधा कसा चालतो ते समजून घ्या. तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल कळ असते. तिच्यात फेराइट नावाचा पदार्थ आणि त्याखाली लोहचुंबक असतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान पाण्याच्या उकळीपाशीच अडकून राहतं. पाणी तांदळात मुरून संपलं की बूड एकदम तापायला लागतं. ते १०० अंश ओलांडून थोडं वर गेलं की फेराइट चुंबकाला धरून ठेवू शकत नाही, स्प्रिंग चुंबकाला खाली ढकलते, 'टक्' आवाज होतो आणि कुकर गरम ठेवण्याच्या टप्प्यावर जातो. यात घड्याळ नाही, वजन नाही. पाणी संपलं एवढंच त्याला कळतं. म्हणून भात मोकळा होणार की आसट, हे तुम्ही पाणी किती घातलं त्यावर ठरतं. साध्या कुकरमध्ये बिघडण्यासारखे भाग चार-पाचच आहेत आणि ते कोल्हापुरात कुठेही दुरुस्त होतात.

डिजिटलमध्ये तापमान मोजून वॅट कमीजास्त करणारी चकती असते. आधी कोमट पाण्यात तांदूळ भिजवणं, मग उकळी, मग मुरवणं असे टप्पे ती स्वतः करते. हातसडीचा तांदूळ, खिचडी, पेज यांना ते खरोखर चांगलं. पण चकती गेली तर दुरुस्तीचा खर्च साध्या नव्या कुकरच्या जवळ जातो. रोज इंद्रायणी आणि कोलम शिजवायला माझं मत साध्यालाच आहे.

झाकणाचे दोन प्रकार. काचेचं सुटं झाकण धुवायला सोपं, आत काय चाललंय ते दिसतं, पण पेज उतू जाण्याची शक्यता जास्त. बिजागरीचं बंद झाकण वाफ धरून ठेवतं, त्यात भात जास्त वेळ मऊ आणि गरम राहतो. मात्र आतली जाळी, रबर, वाफेची नळी आणि मागची पाणी साठायची वाटी रोज धुवावी लागते. ती धुतली नाही तर दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि तो भाताला लागतो. रोज धुणं होणार नसेल तर काचेचंच घ्या.

भांडं: नॉनस्टिकला भात चिकटत नाही, पण स्टीलचा चमचा, घासणी आणि एकात एक भांडी रचून ठेवणं या तिन्हींनी थर निघतो. स्टीलचं भांडं टिकतं, चिकटतं जास्त. अर्धा चमचा तेल आतून पुसून घेतलं आणि भात शिजल्यावर पंधरा मिनिटं मुरू दिला तर सुटतो. मधला मार्ग म्हणजे जाड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम. शक्य असेल तर दोन भांडी मिळणारा कुकर घ्या, कारण तीन वर्षांनी त्याच मापाचं भांडं वेगळं शोधणं अवघड जातं. घेताना भांडं कुकरात ठेवून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. डुगडुगलं किंवा खरखरलं तर तो नग परत द्या.

वायरमन_उचगाव
विजेचं मी सांगतो.

वॅट जास्त म्हणजे कुकर चांगला, असं नाही. भांड्याच्या मापाला वॅट जुळले पाहिजेत. १ लिटरला ४०० ते ४५०, १.८ ला ६५० ते ७००, २.८ ला १००० च्या आसपास, हे नेहमीचं प्रमाण आहे. १.८ ला ४०० वॅटच लिहिलेले असतील तर उकळी यायला वेळ लागतो, तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतो आणि भात चिकट होतो.

व्होल्टेज पडल्यावरही नेमकं हेच होतं. तापणाऱ्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला ७०० वॅट देणारा कुकर २०० व्होल्टला ५३० वॅटच देतो आणि १८० ला ४३०. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने पडलं की ताकद चाळीस टक्क्यांच्या जवळ घटते. साध्या कुकरचं त्यात नुकसान होत नाही, तो फक्त जास्त वेळ घेतो. ज्या भागात संध्याकाळी शेतीपंपांमुळे व्होल्टेज उतरतं तिथे आधण वेगळं तापवून ते गरम पाणी कुकरात घाला. भात चिकट व्हायचा थांबतो आणि आठ-दहा मिनिटं वाचतात. डिजिटलला मात्र कमी-जास्त व्होल्टेज मानवत नाही.

मध्येच लाइट गेली तर साध्याची कळ दाबलेलीच राहते, लाइट आली की तो पुढे चालू होतो. पुष्कळ डिजिटल अशा वेळी शून्यावर येतात आणि पुन्हा बटण दाबावं लागतं. घेताना हे दुकानातच चालू कुकरचा प्लग काढून बघता येतं. घरातल्या इन्व्हर्टरवर ७०० वॅटचा कुकर लावू नका. तो पंखे-दिव्यांसाठी असतो, बॅटरी भराभर उतरते.

खर्च: तुमच्या चौघांच्या भाताला ७०० वॅटचा कुकर २५ मिनिटांच्या आसपास चालेल, म्हणजे पाव युनिट ते जास्तीत जास्त ०.३ युनिट. गरम ठेवण्याच्या टप्प्यावर ३० ते ५० वॅट लागतात, दोन तासांना ०.१ युनिटच्या आत. महावितरणच्या बिलावर तुमचा युनिटचा दर बघून गुणाकार करा.

७०० वॅटला साधारण ३ अँपिअर लागतात, ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट चालतो. पण अर्थिंग असलेलाच. अंग धातूचं, आत पाणी आणि बाहेर ओला ओटा, त्यामुळे तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घालणं जिवावरचं आहे. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर आणि कुकर एकत्र लावू नका. वायर कुकरला कायमची जोडलेली नसून सुटी निघणारी असेल तर उत्तम, कारण वायर पिनेजवळ आधी तुटते आणि सुटी वायर लगेच बदलता येते. खोक्यावर आणि कुकरच्या बुडाला आयएसआय चिन्ह आहे का ते बघा.

आणि कुकर भिंतीतल्या कपाटाखाली ठेवू नका. रोज अर्धा तास वाफ लागली की प्लायवूड फुगतं आणि लॅमिनेट सुटतं.

राधानगरी_भात
वरच्या दोघांनी यंत्राचं नीट सांगितलं आहे. माझं म्हणणं असं की राइस कुकरबद्दलच्या निम्म्या तक्रारी तांदळाच्या असतात.

कुकर पाणी संपेपर्यंत चालतो, त्यामुळे पाण्याचं माप तांदळाच्या जातीला आणि वयाला जुळवावं लागतं. दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो. तोच तांदूळ वर्षभर मुरला की दाण्याची बांधणी घट्ट होते, तो पाणी जास्त पितो आणि शितं सुटी राहतात. लक्ष्मीपुरीत तांदूळ घेताना नवा की जुना हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि विचारलेलं डब्यावर लिहून ठेवा.

मापं एका कपाला अशी, तांदूळ धुऊन रोवळीत निथळल्यावर. नवी इंद्रायणी: पावणेदोन कप पाणी. वर्षाची जुनी: दोन. जुना कोलम: मोकळा हवा तर दोन ते सव्वादोन, मऊ हवा तर अडीच. बासमती अर्धा तास भिजवून निथळलेला: दीड. हातसडीचा: दोन तास भिजवून अडीच, न भिजवता पावणेतीन. आजरा घनसाळ बारीक आणि वासाचा, त्याला नवा असताना पावणेदोनच्या वर जाऊ नका, आणि तो फार चोळून धुऊ नका. दोनदा हलक्या हाताने पाणी बदललं की पुरे. घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर त्या नावाने इतर बारीक तांदूळही विकला जातो. शिजताना घरभर वास आला नाही तर मापात दोष शोधू नका.

ही मापं दोन ते चार कपांसाठी आहेत. वाफेवाटे उडणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण तेवढंच उडतं. म्हणून एकाच कपाचा भात लावताना वर पाव कप पाणी जास्त घाला आणि पाच-सहा कप असतील तेव्हा एकूण पाण्यातून अर्धा कप कमी करा. 'थोडा केला की कच्चा, जास्त केला की गिच्च' ही तक्रार याच्यामुळे येते. भांड्याच्या आतल्या रेघा एका ठराविक तांदळासाठी आखलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात त्या बाजूला ठेवून कपाने मोजा, मग आपल्या तांदळाला पाणी रेघेच्या किती वर-खाली येतं ते लक्षात ठेवा.

इंद्रायणी चिकट होते म्हणून कुकरला दोष देऊ नये. आंबेमोहर १५७ आणि आय आर ८ यांच्या संकरातून ती वडगाव मावळला तयार झाली, आणि मऊपणा तिला आंबेमोहराकडून आला आहे. डब्यासाठी मोकळी हवी असेल तर तीन गोष्टी करा. पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा, वीस मिनिटं रोवळीत निथळत ठेवा, आणि गार पाण्याऐवजी उकळतं आधण घाला. एक चमचा तेल किंवा तूप घातलं तर पेजही कमी उतू जाते. तरीही ती कोलमासारखी फडफडीत होणार नाही. डब्याला जुना कोलम आणि रात्री इंद्रायणी, ही वाटणी मला जास्त पटते.

'टक्' झाल्यावर लगेच झाकण उघडू नका. त्या क्षणी बुडाचा भात कोरडा आणि वरचा ओला असतो. दहा ते पंधरा मिनिटं बंद ठेवला की ओल सारखी होते. मग भातवाढीने कडेकडेने सोडवून खालचा भात वर करा आणि झाकणाखाली जमलेलं पाणी पुसून टाका, नाहीतर ते परत भातात गळतं आणि मधोमध चिखल होतो.

शिट्टीवाली_शाहूपुरी
सगळं पटतं, पण वरणाबद्दल कोणी बोललं नाही, आणि निर्णय तिथेच व्हायला हवा.

आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. राइस कुकरमध्ये दाब नसतो, त्यामुळे त्याच्या वर वाफ जात नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांजवळ जातं. तूरडाळ तीन-चार शिट्ट्यांत गळून जाते ती त्याच्यामुळे. राइस कुकरच्या वरच्या जाळीच्या ताटलीत तूरडाळ ठेवली तर भात होईपर्यंत ती दाताखालीच येणार. दुकानदार 'वरणभात एकदम' म्हणून ताटली दाखवतात, त्यावर जाऊ नका. अर्धा तास भिजवलेली मूगडाळ किंवा मसूरडाळ गरम पाण्यात घालून ठेवली तर होते. बटाटा, बीट, दोडका, अंडी, ढोकळा ही कामं ताटलीत छान होतात.

ज्या घरात रोज तूरडाळीचं वरण लागतं तिथे पाच लिटरच्या शिट्टीच्या कुकरात खाली डाळ, वर भात हेच कमी खर्चाचं आणि कमी भांड्यांचं आहे. गॅसवर डाळीला तसाही कुकर लावायचाच असेल तर भातासाठी वेगळं यंत्र ओट्यावर कशाला? लक्ष द्यायला कोणी नाही हीच अडचण असेल तर विजेचा प्रेशर कुकर बघा. त्यात डाळ आणि भात दोन्ही आपोआप होतं. तो महाग आहे, त्याचं झाकण आणि रबर जपावं लागतं, पण काम पूर्ण करतो.

भांडेवाला_महाद्वार
ताई, तूरडाळीचं तुमचं शंभर टक्के बरोबर. फरक एवढाच की डब्यात वरण नेत नाहीत, भात-भाजी नेतात. सकाळी एकट्या भातासाठी शिट्टीचा कुकर लावणं आणि गॅस बंद करायला कोणाला तरी थांबवणं, ते राइस कुकरने वाचतं. रात्री घरात माणसं असतात, तेव्हा वरणासकट शिट्टीचाच कुकर लावावा. म्हणजे मंगळवारपेठ यांना मोठा कुकर लागतच नाही. रात्रीचा भात शिट्टीच्या कुकरात होणार असेल तर काठोकाठ १.८ लिटरचा, ६५०-७०० वॅटचा, काचेच्या झाकणाचा साधा कुकर बस्स झाला. आधीचं अडीच-तीन लिटरचं माप दोन्ही वेळचा भात यातच करायचा असेल तर धरा.

विजेच्या प्रेशर कुकरबद्दल एक सांगतो. दाब चढायला आणि उतरायला लागणारा वेळ धरला तर नुसत्या भाताला तो राइस कुकरपेक्षा फार लवकर होत नाही.

मंगळवारपेठ
सकाळचा भात राइस कुकरात आणि रात्री शिट्टीचा, ही वाटणी पटली. सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या-तांबड्या रश्श्याबरोबर भात जास्त लागतो, तेवढा तर शिट्टीच्यातही होईल.

अजून तीन शंका. मसालेभात त्यातच फोडणी करून होतो का? रात्री तांदूळ-पाणी घालून सकाळी आपोआप चालू होईल असं करता येतं का? आणि एकाच वेळी डब्याचा मोकळा व ज्येष्ठांचा आसट असे दोन भात निघतील का?

राधानगरी_भात
फोडणी त्यात होत नाही. तेल तापलं की बूड लगेच १०० च्या वर जातं आणि कळ उडते. काही जण कळ चिमट्याने किंवा काडी घालून दाबून धरतात. त्याने आतला फ्यूज जातो आणि नॉनस्टिकचा थर खराब होतो. कढईत फोडणी करा, तोंडली-वांगी आणि निथळलेले तांदूळ त्यातच परता, मग सगळं कुकरात घालून वर उकळतं पाणी ओता. भाज्यांचं पाणी सुटतं म्हणून मापातून पाव कप कमी. मसाला आणि गोडा मसाल्यातलं खोबरं बुडाला बसलं की तिथे लवकर तापतं आणि कळ वेळेआधी उडते, म्हणून मसाला तांदळात नीट मिसळलेला असावा. पाणी घातल्यावर भांड्याच्या बुडापर्यंत एकदा ढवळा, नंतर हात लावू नका.

नारळीभात किंवा साखरभाताला गूळ-साखर आधी घालायची नाही. पाक बुडाला लागून करपतो आणि कुकर अर्ध्यावर बंद पडतो. भात मोकळा शिजवून घ्या, गूळ कढईत.

दोन भातांसाठी: इंद्रायणी अर्धा तास भिजवा, उंच काठाच्या स्टीलच्या वाटीत घालून तिप्पट गरम पाणी टाका आणि ताटलीवर ठेवा. खाली डब्याचा कोलम नेहमीसारखा. वाटी अर्धीच भरा, नाहीतर उतू जाते. 'टक्' झाल्यावर पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पळीने घोटा आणि तूप-मीठ घाला. थोडी कसर राहिली तर वाटीत चार चमचे उकळतं पाणी घालून झाकून ठेवा. १.८ लिटरच्या भांड्यात मात्र दोन कपांच्या वर कोलम असला की ताटलीला पेज लागते, तेवढं बघा.

रात्री भिजवून ठेवण्याबद्दल: डिसेंबर-जानेवारीत चालतं. एप्रिल-मेमध्ये सात-आठ तास पाण्यात राहिलेला तांदूळ आंबायला लागतो, पाण्यावर फेस येतो आणि शिजल्यावरही आंबट वास राहतो. उन्हाळ्यात तीन तासांच्या वर नको. जास्त भिजलेला दाणा शिजताना फुटतोही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. शिजलेला भात बंद कुकरात रात्रभर ठेवू नका. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्याने मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. कुकर गरम ठेवण्याच्या टप्प्यावर चालू आहे आणि भात ६० अंशांच्या वर आहे तोवर ठीक, पण चार-पाच तासांनंतर तो पिवळट आणि कोरडा पडतो. उरला तर पसरट ताटात काढा, गार होताच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करा.

वायरमन_उचगाव
आपोआप चालू करण्यासाठी साध्या कुकरला १६ अँपिअरचा टायमर प्लग लावता येतो. वीज नसतानाही कळ दाबलेली राहते, त्यामुळे टायमरने वीज सोडली की कुकर चालू होतो. पण भांडं आत ठेवलेलं असल्याशिवाय कळ कधीच दाबून ठेवू नका.

आता बिघाडांबद्दल, म्हणजे उगाच दुकानात खेप नको.

भात कच्चा असतानाच कळ उडते: भांडं काढून तबकडी बघा. एखादं शीत, तांदळाचा दाणा किंवा करपलेली खरवड अडकलेली असते. भांडं अर्धा मिलिमीटर जरी उचललं गेलं तरी तबकडी आणि भांड्यामध्ये हवा राहते, तबकडी एकटी तापते आणि कळेला वाटतं पाणी संपलं. बारीक पॉलिश कागदाने खरवड काढा, कोरड्या फडक्याने पुसा. मधली कळ बोटाने दाबून बघा, ती सहज खाली-वर व्हायला हवी. भांड्याच्या बुडाला पोचा आला असेल तर ठोकून सरळ करायला जाऊ नका, भांडं बदला.

चटचट आवाज येतो: भांड्याचं बूड ओलं ठेवलं गेलं आहे. रोज पुसूनच ठेवायचं.

कळ उडतच नाही आणि भात करपतो: मधल्या कळेत पेज जाऊन वाळली आहे किंवा स्प्रिंग ढिली झाली आहे. उतू गेलेली पेज त्याच दिवशी पुसली तर हे होत नाही.

दिवा लागतो पण कुकर तापत नाही: कॉइल किंवा कळेखालचे संपर्काचे ठोकळे. प्लग काढून, कुकर पूर्ण गार झाल्यावर मिस्त्रीने कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावला की कळतं. ७०० वॅटच्या कॉइलला ७५ ओहमच्या आसपास, १००० वॅटच्याला ५३ च्या आसपास आकडा यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. आकडा बरोबर असेल तर ठोकळे काळे पडले आहेत, ते घासून किंवा बदलून काम होतं.

दिवाही लागत नाही: आधी वायर दुसऱ्या कुकरची लावून बघा. वायर ठीक असेल तर बहुधा थर्मल फ्यूज. तो एकदाच जळतो आणि बदलावाच लागतो, किंमत किरकोळ. नवा घालताना त्यावर छापलेले अंश आणि अँपिअर जुन्याइतकेच हवेत. पुष्कळ ठिकाणी तो काढून सरळ वायर जोडून देतात आणि कुकर चालूही होतो. मग कळ अडकली तर थांबवणारं काहीच उरत नाही, तबकडी लाल होते आणि वायरचं आवरण पेटतं. दुरुस्ती समोर बसून करून घ्या आणि जुना फ्यूज मागून घ्या.

झुरळांपासूनही जपा. बुडाच्या भोकांतून ती उबेला आत शिरतात आणि ठोकळ्यांत अडकतात. आठवड्यातून एकदा प्लग काढून, कुकर उलटा करून भोकं कोरड्या ब्रशने झाडा. बाहेरचं अंग नळाखाली कधीच धरायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.